पायांच्या फुगलेल्या शिरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

व्हेरिकोज व्हेन्सबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावे गाळली आहेत. औषधांचे डोस मुद्दामच दिलेले नाहीत. ते पाय तपासणाऱ्यानेच ठरवायचे असतात.

प्रश्न: यजमान यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत उभे असतात. वय ४४. डाव्या पोटरीवर आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटाएवढ्या जाड शिरा आल्यात. संध्याकाळी पाय जड होतो, रात्री गोळे येतात. एका दवाखान्यात सांगितले की लेसरने अर्ध्या तासात काम होईल, याच आठवड्यात पैसे भरले तर सवलत आहे. करून टाकावे का?
(एक भगिनी, इचलकरंजी)

उत्तर: सवलतीची मुदत खुशाल संपू द्या. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत आठवडाभरात काही केलेच पाहिजे असे काहीही नाही. आधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतले रक्त कुठल्या दिशेने वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, झाली आहे का, हे पत्रात नाही. ती झाल्याशिवाय लेसर कुठे करायचा हेच ठरत नाही.

पायातले रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की शिरेतले रक्त वर ढकलले जाते, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभे राहिले की पोटरी आवळली जात नाही आणि रक्ताचा सगळा भार घोट्याकडे येतो. त्यात झडप नीट मिटत नसेल तर वर गेलेले रक्तही खाली उतरते आणि कातडीखालच्या शिरा ताणल्या जातात. तुम्हाला दिसते ती गाठाळ शीर बहुतेक वेळा फांदी असते. बिघडलेली झडप वर, जांघेत असते, जिथे मोठी सॅफिनस ही कातडीखालची मुख्य शीर आतल्या खोल शिरेला मिळते. किंवा गुडघ्याच्या मागे, जिथे छोटी सॅफिनस मिळते. वरची गळती तशीच ठेवून नुसत्या फांद्या काढल्या तर शेजारच्या शिरा फुगू लागतात.

डॉपलर करताना एक गोष्ट नीट बघा. झडपांची तपासणी रुग्णाला उभे करून झाली पाहिजे: भार दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय थोडा सैल. तपासणारा पोटरी हाताने दाबून सोडतो आणि रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजतो. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप निकामी. आडवे झोपवून पाच मिनिटांत उरकलेली डॉपलर गुठळी शोधायला चालते. झडपांबद्दल ती भरवशाची नाही. रिपोर्टात जांघेतला जोड, गुडघ्यामागचा जोड, सॅफिनस शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये, उलट्या प्रवाहाचा वेळ, पर्फोरेटर शिरा (वरवरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या) आणि खोल शिरा या सगळ्यांबद्दल लिहिलेले हवे. खोल शिरांची ओळ सर्वांत आधी वाचा. तिथे जुन्या गुठळीने वाट बंद असेल, तर वरवरच्या फुगलेल्या शिराच पायाचे रक्त वाहून नेत असतात. त्या बंद केल्या तर पाय सुधारण्याऐवजी बिघडेल.

दुखणे खरेच शिरांचे आहे का, याचीही खात्री करा. शिरांचे दुखणे उभे राहून वाढते, संध्याकाळी जास्त असते, पाय वर घेतला की उतरते. चालायला लागल्यावर पोटरीत येणारी आणि थांबले की जाणारी कळ रोहिणीच्या अडथळ्याची असू शकते. कमरेतून मांडीच्या मागून उतरणारी कळ बहुधा मणक्याची. पन्नाशीकडे झुकताना ही दुखणी एकत्रही असतात, आणि मग लेसर होऊनही पाय दुखतच राहतो. दोन्ही पायांना सारखीच सूज असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांत अॅम्लोडिपिन आहे का ते पाहा. त्या गोळीने घोटे सुजतात.

तोवर पाळीत दर अर्ध्या तासाने मागाच्या कडेला धरून दोन्ही टाचा वीस वेळा उचला-टेकवा. घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटे भिंतीला पाय लावून आडवे पडा. काम सोडायची गरज नाही, पण हे रोज हवे.

प्रश्न: शिक्षिका आहे. डॉक्टरांनी नुसते "स्टॉकिंग वापरा" एवढेच लिहून दिले. दुकानातून 'लार्ज' आणला. गुडघ्याखाली गुंडाळी होऊन रुततो, पाऊल सुजते, आणि इथल्या उन्हाळ्यात तो पायात असह्य होतो. कपाटात पडून आहे.
(नागपूर)

उत्तर: हा स्टॉकिंग म्हणजे पायाला दाब देणारा घट्ट मोजा. चिठ्ठीवर दोन गोष्टी राहून गेल्या: दाबाचा वर्ग आणि लांबी. वर्ग १ म्हणजे घोट्यापाशी साधारण १८ ते २१ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, वर्ग २ म्हणजे २३ ते ३२. नुसता जडपणा आणि संध्याकाळची सूज असेल तर वर्ग १ने भागते. शिरा ठळक असतील, कातडी काळवंडली असेल, तर सहसा वर्ग २ देतात. लांबी बहुतेकांना गुडघ्याखालचीच पुरते. मांडीपर्यंतचा स्टॉकिंग घसरतो, गरम होतो, आणि त्याचा जास्तीचा फायदा थोडाच.

माप सकाळी, सूज नसताना घ्या. घोट्याच्या हाडाच्या जरा वर सर्वांत बारीक जागेचा घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीच्या खाली दोन बोटांपर्यंतची उंची. डब्यावरच्या तक्त्यात तिन्ही मापे जुळली पाहिजेत. 'लार्ज' म्हणजे नेमके किती, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. तुमचा स्टॉकिंग बहुधा उंचीला जास्त आहे. उरलेले कापड तुम्ही दुमडता आणि त्या घडीपाशी दाब दुप्पट होतो. पाऊल सुजते ते त्यामुळेच. वरची कड कधीही दुमडू नका.

घालायची वेळ सकाळची, अंथरुणातून उठल्याबरोबर. अंघोळ आधी हवी असेल तर अंघोळीनंतर दहा मिनिटे पाय वर करून पडा, मग घाला. आधी जोडवी आणि पैंजण काढा. जोडव्याच्या कडेला अडकून धागा उसवला की स्टॉकिंग गेलाच समजा. हात आत घालून टाच पकडा आणि तिथपर्यंत तो उलटा करा. बोटे, पाऊल, टाच नीट बसवून मग उरलेला भाग हळूहळू वर सरकवा. वरच्या कडेला धरून ओढायचे नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड सुटत नाही. बोटे उघडी राहतील असा प्रकार घेतलात तर पावलावर आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून स्टॉकिंग सरकवा आणि शेवटी बोटांकडून पिशवी ओढून काढा. कंबर न वाकणाऱ्यांसाठी हा उपाय फार कामाचा.

विदर्भाच्या मे महिन्यात वर्ग २ दिवसभर सहन होत नाही, हे कबूलच. मग शाळेच्या तासांपुरता घाला, वर्गखोलीतून घरी आल्यावर काढा. किंवा तेवढे दोन महिने वर्ग १ वापरा. कपाटातल्या वर्ग २पेक्षा पायातला वर्ग १ बरा. रात्री काढायचाच. रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. म्हणून दोन जोड हवेत. चार ते सहा महिन्यांत लवचीकपणा जातो. सहज चढायला लागला की तो संपला.

स्टॉकिंगने झडप दुरुस्त होत नाही. घातला आहे तोवर फायदा. पायातल्या रोहिणी अरुंद असतील तर मात्र त्याने अपाय होतो. पाऊल गार पडत असेल, धूम्रपान किंवा जुना मधुमेह असेल, तर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढून घ्या. ते ०.८च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब द्यायचा नाही, ०.५च्या खाली असेल तर मुळीच नाही.

प्रश्न: लेसर, आरएफ, ग्लू, फोम आणि जुने ऑपरेशन असे पाच पर्याय तीन ठिकाणी सांगितले. प्रत्येकजण आपलेच चांगले म्हणतो. विमा आहे. काय निवडावे?
(डोंबिवली)

उत्तर: ज्याच्याकडे जे यंत्र, तो ते सुचवणार. म्हणून निवड डॉपलरवरून करा. मुख्य सॅफिनस शीर निकामी आणि बऱ्यापैकी सरळ असेल तर उष्णतेने ती बंद करणे हा आज पहिला पर्याय मानतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३च्या मार्गदर्शिकेत हाच क्रम दिला: आधी लेसर किंवा आरएफ (रेडिओलहरींनी दिलेली उष्णता), ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. लेसर आणि आरएफ यांच्या परिणामात रुग्णाला जाणवेल असा फरक थोडा. आरएफमध्ये सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांवर वीस सेकंद तापवतात आणि कॅथेटर (बारीक नळी) मागे घेत जातात. लेसरमध्ये तंतू सावकाश ओढत आणतात. दोन्हींत महत्त्वाचा असतो तो शिरेभोवती सोनोग्राफीखाली भरलेला गार पाण्याचा थर: सलाइनमध्ये भूल देणारे लिग्नोकेन आणि अॅड्रेनलिन मिसळलेले. तो शिरेला चेपतो, कातडी आणि नसा म्हणजे नर्व्ह यांना उष्णतेपासून दूर ठेवतो. हा थर भरण्यात घाई केली की कातडी भाजणे आणि बधिरपणा हे दोन्ही वाढतात. पोटरीच्या खालच्या भागात सॅफिनस नर्व्ह शिरेला चिकटून जाते, तेव्हा तिथपर्यंत उष्णता नेणार का, हा प्रश्न जरूर विचारा.

ग्लूला, म्हणजे शिरेत गोंद सोडून ती चिकटवण्याला, हा थर लागत नाही, टोचणे कमी. पण ते रसायन शरीरातच राहते आणि काहींना शिरेच्या रेषेत लाल, खाजरी सूज येते. चिकटपट्टीची किंवा कृत्रिम नखे चिकटवायच्या गोंदाची अॅलर्जी असल्यास आधीच सांगा. फोममध्ये पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट एक भाग आणि हवा चार भाग असे दोन सिरिंजमधून घुसळून फेस करतात आणि शिरेत सोडतात. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरपेक्षा जास्त देत नाहीत. वाकड्यातिकड्या, परत आलेल्या शिरांना आणि वयस्करांना तो सोयीचा. मोठ्या सॅफिनसमध्ये मात्र शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण यात जास्त, शिवाय शिरेवर तपकिरी पट्टा काही महिने राहतो. अर्धशिशी असेल किंवा हृदयात छिद्र असल्याचे माहीत असेल तर हे आधी बोला. जांघेत छेद देऊन शीर काढण्याचे जुने ऑपरेशन अजूनही चांगले आहे. शीर फार जाड, फार वाकडी किंवा कातडीला अगदी लागून असेल तर ते लागते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ते वर्षानुवर्षे होत आले आहे.

भेटाल त्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: कोणती शीर कुठून कुठपर्यंत बंद करणार, फांद्या त्याच दिवशी काढणार की नंतर, किमतीत पुढची डॉपलर, स्टॉकिंग आणि दुसरी बैठक धरली आहे का, आणि नंतरच्या आठवड्यात गुठळीसाठी तपासणार का. पाचव्या-सातव्या दिवशी मांडीत दोरी ताणल्यासारखे वाटते, ते ठीक आहे. पोटरी सुजून कडक झाली, छातीत दुखले किंवा दम लागला तर ते ठीक नाही. थेट रुग्णालय गाठा. काम झाल्यावर त्याच दिवशी चालायचे असते. आठवडाभर पलंगावर पडून राहणे हीच इथे चूक.

विम्याचे: बहुतेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स ठरावीक आजारांच्या यादीत असते आणि तिला साधारण दोन वर्षांची प्रतीक्षा असते. पॉलिसीची ती ओळ आधी वाचा. पूर्वमंजुरीच्या अर्जात डॉपलर आणि त्रासाची नोंद हवी; नुसते "शिरा दिसतात" लिहिले की सौंदर्योपचार म्हणून दावा नाकारला जातो. मांडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषांचे इंजेक्शन खरोखरच सौंदर्योपचारात मोडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पॅकेजची यादी तिथे असते.

प्रश्न: सातवा महिना सुरू आहे. दोन्ही पायांवर आणि मायांगाजवळही शिरा फुगल्या आहेत. बाळंतपणात फुटतील का?
(बारामती)

उत्तर: नाही, सहसा फुटत नाहीत, आणि नुसत्या त्यांच्यामुळे सिझेरियनही लागत नाही. गरोदरपणात रक्त वाढते, संप्रेरकांनी शिरा सैल पडतात आणि गर्भाशयाचा भार पोटातल्या शिरांवर येतो. लेसर, फोम वगैरे आत्ता काही नाही. वर्ग १ किंवा २चे स्टॉकिंग, डाव्या कुशीवर झोप, खुर्चीत बसताना पाय स्टुलावर. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप उतरतात, म्हणून किमान तीन महिने, शक्यतो सहा, थांबून मग डॉपलर करा. आणखी मूल हवे असेल तर उपचार त्यानंतर करणे सोयीचे. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत कळ आली तर त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका वाढलेला असतो.

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, शेतकरी. डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला चार वर्षांपासून जखम. भरते, पुन्हा चिघळते. हळद, कडुलिंबाचा पाला, मेडिकलमधली पिवळी मलमे, प्रतिजैविकांचे कोर्स, सगळे झाले. मधुमेह आहे. आता आजूबाजूची कातडी काळी, कडक आणि खाजरी झाली आहे.
(वाई)

उत्तर: घोट्याच्या आतल्या अंगाला, भोवती काळी कडक कातडी असलेली जखम ही बहुतेक वेळा शिरांच्या दाबाची असते. दाब कमी होत नाही तोवर वरून काहीही लावले तरी ती पुन्हा उघडते. चार वर्षांत मलमे बदलली, दाबाला कोणी हात लावला नाही, असे पत्रावरून दिसते.

मधुमेह आहे, म्हणून पहिली पायरी रोहिणीची तपासणी. मधुमेहात रोहिणी कडक झालेल्या असल्याने घोट्याचा दाब खोटा जास्त दिसू शकतो. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.३च्या वर आले तर "छान आहे" म्हणून सोडू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा रोहिणींची डॉपलर करायला सांगा. रक्तपुरवठा ठीक निघाला की दाबाचे बँडेज हा मुख्य उपचार. घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब येईल असे दोन ते चार थरांचे बँडेज शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्या, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, स्राव कमी झाला की एकदा.

घरी बांधले जाते ते क्रेप बँडेज बहुधा चुकीचे असते, आणि चुका ठरलेल्या. घोट्यापासून सुरू करतात, म्हणून पाऊल सुजते. ते बोटांच्या मुळापासून सुरू झाले पाहिजे आणि टाचही झाकली गेली पाहिजे. पाऊल खाली लोंबत ठेवून बांधतात. ते नडगीशी काटकोनात हवे, नाहीतर चालताना घोट्याच्या पुढच्या बाजूला कापते. प्रत्येक वेढ्याने आधीचा निम्मा झाकला पाहिजे. शेवट गुडघ्याखाली दोन बोटांवर, आणि वर जाताना जास्त आवळायचे नाही. साध्या क्रेपचा ताण दुपारपर्यंत निघून जातो. तो रोज सकाळी नव्याने बांधावा लागतो. हाडकुळ्या पायाला नडगीवर आणि घोट्याच्या हाडांवर आधी कापसाचा थर द्या, नाहीतर तिथे दुसरी जखम होते. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणे वाढले तर बँडेज लगेच सोडा.

जखम धुवायला साधे स्वच्छ कोमट पाणी पुरते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, पाला काही नको. वर न चिकटणारे ड्रेसिंग. पिवळी मलमे, विशेषतः निओमायसीन असलेली, थांबवा. या कातडीला त्यांची अॅलर्जी फार लवकर होते आणि ती खाज अनेकदा त्याचीच असते. कोरड्या काळ्या कातडीला पांढरे पॅराफिन किंवा साधे व्हॅसलिन. प्रतिजैविक फक्त लाली पसरत असेल, ताप असेल, दुखणे वाढले असेल तेव्हाच. जखमेच्या पाण्यात जंतू सापडतातच, तेवढ्याने कोर्स लागत नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जखमेवर धरून मार्करने कडा आखा, तारीख घाला. चार आठवड्यांनी पुन्हा. आकार निम्म्याच्या आसपास उतरत नसेल तर बँडेज, साखर आणि रोहिणी या तिन्हींकडे परत बघायला हवे. तीन महिने नीट दाब देऊनही हलत नसेल, किंवा कडा उचललेल्या, फुलकोबीसारख्या दिसत असतील, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवा. जुन्या जखमेत क्वचित कर्करोग होतो. चार वर्षांची जखम आहे म्हणून हे लिहावे लागते.

आणि शीर बंद करण्यासाठी जखम भरायची वाट पाहू नका. "आधी भरू दे, मग ऑपरेशन" हा सल्ला अजून दिला जातो. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरा चाचणीत बँडेजबरोबरच शिरेचा उपचार लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. शेतात जाण्याची मनाई नाही, उलट चालणे हवे. मात्र गमबुटात दिवसभर ओले पाय नकोत, आणि घोटा आखडला असेल तर दिवसातून चार-पाच वेळा पाऊल वर-खाली फिरवायला लावा. आखडलेल्या घोट्याने पोटरी आवळली जात नाही.

प्रश्न: सासूबाईंच्या घोट्याजवळच्या शिरेतून अंघोळ करताना रक्ताची चिळकांडी उडाली. दुखले काहीच नाही, पण न्हाणीघर लाल झाले. आम्ही खुर्चीवर बसवून गुडघ्याखाली रुमाल घट्ट बांधला, तरी थांबेना.
(फोंडा, गोवा)

उत्तर: रुमाल बांधल्यानेच थांबले नसावे. हलक्या आवळणीने रोहिणीचे रक्त पायात येतच राहते आणि शिरेतून वर जायची वाट बंद होते, म्हणून भोकातून ते जोरात येते. खुर्चीवर बसवल्याने दाब आणखी वाढतो. पुन्हा झाले तर जिथे आहेत तिथे, ओल्या फरशीवर का होईना, आडवे झोपवा. पाय हृदयाच्या वर, बादलीवर किंवा कोणाच्या खांद्यावर. स्वच्छ फडक्याची घडी करून नेमक्या ठिपक्यावर बोटाने दहा ते पंधरा मिनिटे दाबून धरा, मधे उचलून बघू नका. मग घडी तिथेच ठेवून वर बँडेज आणि डॉक्टरांकडे. न थांबल्यास, चक्कर आली तर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर १०८ला फोन.

एकदा फुटलेला ठिपका पुन्हा फुटतो. यावर स्टॉकिंग पुरेसे नाही; डॉपलर करून त्या शिरेला फोम आणि वरच्या गळतीवर उपचार करून घ्या, आणि हे महिनोनमहिने लांबवू नका. तोवर कढत पाण्याने पाय धुणे बंद, घोट्यावर वजरी घासणे बंद, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

प्रश्न: जळवा लावून शिरा बऱ्या होतात का? सर्वांगासन? व्हिनेगर? आणि शिरांच्या गोळ्या?
(तीन-चार पत्रांतून)

उत्तर: जळवांनी त्या जागेचे साकळलेले रक्त निघते, काहींना थोडे दिवस हलके वाटते. झडप तशीच राहते. मधुमेही किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जळवा टाळाव्यात. जळवांच्या चाव्यातून जंतुसंसर्ग होतो. सर्वांगासनात पाय वर असेपर्यंत शिरा रिकाम्या होतात, तेच भिंतीला पाय लावून पडल्यानेही होते, आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांना तेच बरे. व्हिनेगरने कातडी भाजते, बाकी काही नाही. डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा, सूज, गोळे काही आठवड्यांत कमी होतात. शिरा जात नाहीत. उपचार परवडत नसेल किंवा पुढे ढकलायचा असेल त्या काळात त्या घ्यायला हरकत नाही. कायमच्या घेऊन पैसे घालवू नयेत.

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेला चाललो आहोत. विमानात सलग पंधरा-सोळा तास. शिरा आहेत, गुठळी होईल का?
(ठाणे)

उत्तर: नुसत्या शिरांमुळे धोका थोडाच वाढतो. गुडघ्याखालचे वर्ग १चे स्टॉकिंग घालून बसा, बाजूची सीट घ्या, दर तास-दीड तासाने उठा, बसल्या जागी टाचा उचलत राहा. झोपेची गोळी घेऊन एकाच अवस्थेत पडून राहू नका. स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन नको. पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगाचा उपचार चालू असेल किंवा अलीकडे ऑपरेशन झाले असेल तर प्रवासाआधी इंजेक्शन लागते का ते विचारा. शिरांचा लेसर करायचा असेल तर आल्यावर करा. करून दोन आठवड्यांच्या आत विमानात बसू नका.

प्रश्न: वय २१. भरतीची तयारी चालू आहे, रोज पळतो. पोटरीवर शीर दिसते. आधीच लेसर करून घेतला तर मेडिकलमध्ये पास होईन का?
(बीड)

उत्तर: आधी ती व्हेरिकोज आहे का ते पाहा. पळणाऱ्या सडपातळ मुलांच्या पोटरीवर सरळ, मऊ शीर उठून दिसते आणि पाय वर केला की सपाट होते. ती बहुधा निरोगी असते. नागमोडी, गाठाळ, तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर उभे राहून डॉपलर करा. खरेच व्हेरिकोज निघाली तर भरतीसाठी म्हणून घाईने लेसर करू नकोस. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय निकषांत ऑपरेशन झालेल्यांनाही अपात्र धरण्याची तरतूद आहे, कारण मूळ दोष कायम राहतो असे तिथे धरले आहे. प्रत्येक दलाचे निकष निराळे असतात. ज्या भरतीला बसणार आहेस तिच्या जाहिरातीसोबतचे वैद्यकीय निकष आधी वाच, मग पैसे खर्च कर. पळणे थांबवायचे कारण नाही, पळण्याने शिरा वाढत नाहीत.